अकीलाचाचीचा झोपलेला कॉम्प्युटर

दारव्ह्यात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे आणि गेली अठरा वर्षं मी एकाच प्रश्नाला उत्तर देतो आहे. काम नसलं की कॉम्प्युटर बंद करायचा, की तसाच झोपवून ठेवायचा? शाळेतले मास्तर विचारतात, झेरॉक्सवाले विचारतात, सोयाबीनचे अडते विचारतात. एकदा मयताला गेलो होतो, तिथं तिरडी बांधता बांधता एकानं हळूच कानाशी येऊन हेच विचारलं. शेवटी वैतागून मी उत्तर छापूनच घेतलं. ‘काम झाले? बंद करा. पिन काढा. संघदीप कॉम्प्युटर्स’ असं पिवळं स्टिकर आणि खाली माझा मोबाइल नंबर. विकलेल्या आणि दुरुस्त केलेल्या प्रत्येक मशीनच्या कपाळावर मी ते चिकटवत असे. तालुक्यात अशी चारेकशे मशिनं असतील. त्यातलं एकच स्टिकर कोणी खरवडून काढलं, तेही माझ्या डोळ्यांदेखत. ती बाई म्हणजे अकीलाचाची.

चाचीचं वय छप्पन्न. नवरा रहमतचाचा, मोटार वाइंडिंगवाला. विहिरीवरची किंवा बोअरची मोटार जळली की लोक ती जीपच्या टपावर टाकून त्याच्याकडे आणतात. जळलेली तार कापून काढायची, नव्या तारेचे मोजून वेढे घेऊन कॉइल बनवायची आणि ती मोटारीच्या खाचांत बसवायची, असा तो धंदा. दुकानावर पाटी आहे, ‘रहमत मोटार वाइंडिंग वर्क्स’. पाटी खोटी नाही, पण अर्धीच आहे. कारण खाचांत कॉइल बसवतो तो चाचा, आणि मागच्या खोलीत बसून ती कॉइल गुंडाळते ती चाची. बत्तीस वर्षं झाली.

वेढे मोजायला तिच्या हातमशीनला एक आकड्यांची चकती होती. मुलगी गझाला जन्मली त्या वर्षी ती मोडली, आणि कोणी नवी आणली नाही. तेव्हापासून चाची तोंडानं मोजते. एक हात मूठ फिरवतो, दुसऱ्या हाताच्या चिमटीतून तार सरकते आणि ओठ हलत असतात. दोन वेढे कमी पडले तर मोटार तापते, दोन जास्त झाले तर जोर धरत नाही. म्हणून त्या घराचा एक कायदा आहे. चाचीची गिनती चालू असली की कोणी बोलायचं नाही. सलामसुद्धा नाही. तिचा सख्खा भाऊ दिग्रसवरून मिठाईचा डबा घेऊन आला होता, तोही उंबऱ्यावर सात-आठ मिनिटं चूप उभा राहिलेला मी पाहिला आहे.

दुकानाचा दुसरा कायदा उघड्या मोटारीचा. ज्यानं मोटार उघडली त्याच्याशिवाय तिला कोणी हात लावायचा नाही. नट-बोल्ट वर्तमानपत्रावर ओळीनं मांडलेले, तारांची टोकं गाठी मारून खुणा केलेली. एखादी मोटार तार येईपर्यंत आठ-आठ दिवस तशीच पडून राहते. झाडू तिच्याभोवतीनं फिरतो, माणसं वळसा घालून जातात.

गझालाला नागपुरात नोकरी लागली आणि तिचा कॉम्प्युटर घरी राहिला. माझ्याच दुकानातून घेतलेला, कपाळावर माझं स्टिकर असलेला. चार-सहा महिने तो चादरीखाली होता. मग फोनवर पोरीला विचारत विचारत चाचीनं त्यावर चित्र काढायचा साधा प्रोग्राम शिकून घेतला. मोटारींचे नकाशे काढू लागली. एक गोल, गोलाच्या कडेनं चोवीस खाचा, आणि या खाचेतून त्या खाचेत जाणाऱ्या लाल, पिवळ्या, निळ्या तारा. कोणती तार कुठून निघते, किती वेढे, कितव्या गेजची तार, सगळं कडेला लिहिलेलं. ही माहिती वाइंडिंगवाले जिवापाड जपतात, एकमेकांनाही सांगत नाहीत. चाचीला असल्या शंभरेक मोटारी तोंडपाठ होत्या. पहिला नकाशा पाहून मी मूर्खासारखं विचारलं, “चाचानं सांगतलं काय हे?”

चाचीनं माझ्याकडे पाहिलं आणि नवऱ्याला हाक मारली. “अजी, हा संघदीप काय विचारून राह्यला पाहा.”

रहमतचाचा सरळ माणूस. म्हणाला, “मले कायचं इतकं ध्यानात राह्यते बे? मी तर तिलेच विचारतो.”

इथवर सगळं ठीक होतं. मग यवतमाळचा निरोप आला. तिथल्या एका महिला प्रशिक्षण केंद्रात मुलींना वाइंडिंग शिकवायचं ठरलं होतं, आणि त्यांना शिकवणारी बाईच हवी होती. अट एवढीच की बारा वेगवेगळ्या मोटारींचे नकाशे स्वतः काढून सोमवारी दुपारी बारापर्यंत आणून द्यायचे. पसंत पडले तर आठवड्यातून तीन दिवस वर्ग. निरोप आला तेव्हा हातात तीन आठवडे होते. चाचीनं त्याच दिवशी सांगून टाकलं, मी जाणार.

चाचाला त्यात वावगं काही वाटलं नाही. फक्त तो म्हणाला, “नाव दुकानाचं टाक. लोक पाटी ओळखतात.”

“पाटी तुमची,” चाची म्हणाली. “हात माहे. नाव माहं जाईन.”

बत्तीस वर्षं मागच्या खोलीत बसलेल्या बाईला पहिल्यांदा कोणी पुढच्या खोलीत बोलावलं होतं. ते तिला हवं होतं, आणि हवं आहे हे ती लपवतही नव्हती. मला ते आवडलं.

आता अडचण अशी की चाचीला सलग दोन तास कधीच मिळत नसत. भाकर टाकायची, मग वीस मिनिटं नकाशा. दुकानातून हाक आली की कॉइल गुंडाळायची, मग पुन्हा पंधरा मिनिटं. उठली की ती कॉम्प्युटर तसाच सोडून जाई, कारण परत येऊन त्याच खाचेपासून पुढं निघायचं असे. आणि परत येई तेव्हा पडदा काळा. चाचानं येता-जाता भिंतीवरच्या बोर्डाचं बटन दाबून टाकलेलं.

चाचा दुष्ट नव्हता, हे मी शपथेवर सांगतो. पण त्याच्याकडे आयुष्यभर जळालेल्या वस्तूच आल्या. आणि शेतातली मोटार जास्तकरून कशानं जळते? विहिरीतलं पाणी संपतं, मालक घरी झोपलेला असतो, आणि मोटार बिनपाण्याची फिरत राहते. याला ते लोक ‘कोरडी चालणं’ म्हणतात. चाचाच्या डोक्यात ते इतकं बसलेलं की समोर माणूस नाही आणि यंत्र चालू आहे, म्हणजे ते कोरडं चालतंय आणि जळणार. त्यात माझं पिवळं स्टिकर! तो त्याच्यावर बोट ठेवून म्हणे, “पाह्य, शिकलेल्या माणसानं छापून देलं हाये.”

चार-पाच वेळा असं झाल्यावर दोघांनी मला पंच म्हणून बोलावलं. मी ऐटीत गेलो. खुर्चीत बसून सांगितलं, “चाची, बंदच बरा. विजेचा भरोसा नाई, धूळ बसते, मशीन थकते. काम झालं की बंद करा.”

“काम झालं कुठं हाये?” चाची म्हणाली. “मी भाकर टाकाले उठली.”

“तरी बी...”

चाची उठली. खाचेत तारा दाबून बसवायची बांबूची पट्टी असते, ती तिनं आणली आणि माझ्यासमोर स्टिकर खरवडून काढलं. सावकाश, कोपऱ्यापासून. माझा मोबाइल नंबर शेवटी गेला. मग मला दंडाला धरून तिनं पुढं दुकानात नेलं. जमिनीवर एक मोटार उघडी पडली होती.

“ही किती दिवस झाले पडली हाये?”

“सहा,” चाचा म्हणाला.

“कोणी झाकली? कोणी उचलली? याले हात लावून दाखव संघदीप, हा तुहा चाचा तुह्यावर कसा धावून येते पाह्य. यांचं काम सहा दिवस उघडं पडलेलं चालते, आन् माहं पंधरा मिनिटं नाई चालत? कोणत्या किताबात लिवलं हाये?”

चाचानं मान खाली घालून पाना शोधायला सुरुवात केली. मी आपलं तांत्रिक बोलू लागलो, कारण मला दुसरं काही येत नाही. सांगितलं की कॉम्प्युटर झोपला की वीज अगदी थोडी खातो, उघडं काम तसंच राहतं आणि बटन दाबलं की दोन सेकंदांत पुढं येतं.

“मग काम राह्यते कुठं?” चाचीनं विचारलं.

“त्याच्या याददाश्तीत. पण सेव्ह केलं नसन आन् बोर्डावरून वीज बंद केली, तर सगळं पुसल्या जाते.”

चाची म्हणाली, “म्हणजे गिनती डोक्यात हाये, कागदावर उतरली नाई.”

अठरा वर्षांत इतकं सोपं मला सांगता आलं नव्हतं. मी म्हणालो, “हो.”

“आन् माही गिनती चालू असताना या घरात कोणी बोलते काय?”

मला रागच आला होता. माझं स्टिकर, माझा धंदा, आणि सातवी शिकलेली बाई मला माझंच शास्त्र समजावत होती. बटन दाबलं की मशीन झोपेल एवढी सोय करून दिली आणि निघालो. एक गोष्ट मात्र सांगितली नाही. झोपण्याआधी उघडं काम आपोआप डिस्कवरही उतरवून ठेवायची एक सोय असते. ती असली की वीज गेली तरी काम शाबूत राहतं. जुन्या डिस्कवर जागा वाचावी म्हणून मी मशीन विकताना ती सोय बंद करून टाकत असे, तशी चाचीच्या मशीनवरही केली होती. घाईत राहून गेलं, असं मी पुढं सांगितलं. खरं म्हणजे मला हरायचं नव्हतं.

पुढचे पंधरा दिवस बरे गेले. चाचीनं घरात जाहीर केलं की हा झोपला आहे, याला हात लावायचा नाही. चाचा कुरकुरला, पण राहिला. शुक्रवार उजाडला तेव्हा अकरा नकाशे झाले होते आणि बारावा चालू होता. तो सगळ्यांत अवघड, छत्तीस खाचांचा, एकावर एक दोन थर असलेला. पहाटे गोल आणि खाचा काढून तिनं सेव्ह केलं, मग सहा वाजल्यापासून तुकड्या-तुकड्यानं तारा भरत होती.

त्याच दिवशी पंजाबराव आपली मोटार घेऊन बसला होता. जवळच्याच गावचा शेतकरी, बोलायला भारी, मिरचीला पाणी द्यायचं म्हणून सारखा उठबस करणारा. चाचानं दुकानातून आतल्या खोलीकडे तीन हाका मारल्या. “अकीला, कॉइल! अकीला, पंजाबराव थांबले हायेत! अकीला!” तिसऱ्या हाकेला चाचीनं बटन दाबून कॉम्प्युटर झोपवला आणि उठली. सेव्ह केलं नाही. स्वतःचं काम टाकून ती नवऱ्याच्या गिऱ्हाइकासाठी मागच्या खोलीत वेढे मोजायला बसली, आणि मोजत होती तेव्हा घरात अर्थातच कोणी बोललं नाही.

चाचा कपडे बदलायला आतल्या खोलीत आला. जुम्म्याच्या नमाजेची वेळ. खुर्ची रिकामी, मशीनचा दिवा लुकलुकतोय. त्याचा हात बोर्डावर गेला आणि तो टोपी घालून निघून गेला.

मला चाचीचा फोन आला. “संघदीप, ये. आत्ताच ये.”

मी पोचलो तेव्हा पडद्यावर एक गोल होता आणि कडेनं छत्तीस रिकाम्या खाचा. बाकी काही नव्हतं.

“गेलं ते परत येते काय?”

मी पंधरा मिनिटं शोधलं. नाही आलं. तेव्हा मात्र मला गप्प बसवेना आणि मी त्या सोयीचं सांगून टाकलं, की ती चालू असती तर आज काही गेलं नसतं.

“म्हणजे तुले माहीत होतं,” चाची म्हणाली.

एवढंच. गिऱ्हाइकांच्या शिव्या मी पुष्कळ खाल्ल्या आहेत, पण त्या दिवशी जशी लाज वाटली तशी कधी वाटली नाही. मी खाली मान घालून ती सोय चालू करत बसलो. चाची दुकानात गेली.

थोड्या वेळानं खडखडाट ऐकू आला म्हणून मी पुढं गेलो. पंजाबरावची मोटार अर्धी भरून जमिनीवर उघडी होती. चाचीनं वर्तमानपत्र उचललं आणि ओळीनं मांडलेले नट-बोल्ट एकाच डब्यात ओतले. तारांच्या टोकांच्या गाठी एक-एक करून सोडल्या. नव्या कॉइलची जुडी बांधली. पंखा, झाकण, सगळं एका पोत्यात भरून पोतं कोपऱ्यात उभं केलं. मग झाडू मारला. मग फरशी पुसली. त्या दुकानाची फरशी तांबडी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

“चाची, काय करून राह्यल्या?”

“आवरून राह्यली.”

नमाज आटोपून चाचा आला, मागून चहा पिऊन पंजाबराव आला. दोघं दारातच थबकले.

“मोटार?” चाचानं विचारलं.

“बंद केली.”

“काहून?”

“तुमी नव्हते. खाली पडून होती. कोरडी चालली असती तर जळली असती.”

पंजाबराव कळवळला. “भाबी, मोटार माही हाये ना वो! माह्या मिरचीनं कोणाचं काय बिघडवलं?”

“पंजाबरावभाऊ, तुमची मोटार तुमाले भेटन,” चाची शांतपणे म्हणाली. “चोवीस खाचा, शहात्तर वेढे, कोणतं टोक कोणाले जोडलं होतं, मले समदं याद हाये. डोळे मिटून सांगतो.” मग ती नवऱ्याकडे वळली. “तुमच्या कामाचं मले याद हाये. माह्या कामाचं तुमाले काय याद हाये? सांगा. छत्तीस खाचांत लाल तार कितव्या खाचेतून निघत होती?”

चाचानं आतल्या खोलीकडे पाहिलं. त्याला तेव्हा कळलं, काय झालं ते. म्हणाला, “मले वाटलं जळन.”

“तुमाले वाटलं. मले विचारलं काय? बत्तीस सालांत एक डाव तरी विचारलं, अकीला, हे उचलू काय, हे बंद करू काय?”

चाचानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पंजाबरावनं मिरचीचं नावही काढलं नाही, आणि पंजाबराव गप्प बसणं ही दारव्ह्यात बातमी आहे.

“सोमवारी मले नकाशे द्याचे हायेत,” चाची म्हणाली. “तवापर्यंत या घरात मी कोणाच्याच मोटारीले वेढा देणार नाई. भाकर बी तुमची तुमी पाहा.”

मग तिनं पेचकस घेतला. मेन स्विच पाडला, आतल्या खोलीतला बोर्ड उघडला, कॉम्प्युटरचं बटन काढून टाकलं आणि तारा सरळ जोडून दिल्या. बटनाच्या भोकावर वाइंडिंगचा जाड कागद कापून बसवला. पाच मिनिटांचं काम. ते बटन तिनं चाचाच्या हातावर ठेवलं. माझ्या मशीनला माझ्यादेखत कोणी असं काही करावं हे मला बघवत नव्हतं. मी म्हणालो, “चाची, वीज कडाडली तर?”

“तर पिन काढीन. मले हात हायेत.”

घरी आलो. ममता, माझी बायको, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिचा लॅपटॉप टेबलावर उघडा होता आणि ती वरण फोडणीला टाकत होती. माझा हात लॅपटॉपकडे गेला होता, रोज जातो तसा. तिची शाळेची कामं रोज मी ‘मशीनच्या भल्यासाठी’ बंद करत आलो होतो, आणि ती रोज पुन्हा पहिल्यापासून सगळं उघडत आली होती. मी हात मागं घेतला. तिनं स्वयंपाकघरातून पाहिलं आणि म्हणाली, “आज काय झालं? बरं नाई काय तुमाले?”

शनिवार-रविवार चाची नकाशाला बसली ती उठली नाही. पंजाबरावची मोटार चाचाला एकट्यानं भरावी लागली. चाची आतून ओरडून आकडे सांगे, जागची न हलता. वेढे चाचानं स्वतः मोजले. मध्येच पंजाबराव मिरचीचा भाव सांगे आणि चाचा आकडा विसरे, की पुन्हा एकपासून. असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा चाचानं हातातली मूठ सोडली आणि पंजाबरावला अशी शिवी दिली की ती इथं लिहिता येत नाही. आतून चाचीच्या हसण्याचा आवाज आला. रविवारी संध्याकाळी बारावा नकाशा पुरा झाला.

सोमवारी सकाळच्या एसटीनं ती यवतमाळला गेली. तिथल्या साहेबांनी कागद उलटेपालटे करून विचारलं, “मिस्टरांनी काढून दिले वाटतं?”

चाची म्हणाली, “नाई. मिस्टर घरी भाकर करून राह्यले.”

तिला घेतलं. वर्गाच्या दारावर कागद लागला, त्यावर फक्त तिचं नाव. त्याचा फोटो काढून तिनं मला पाठवला आणि खाली काहीच लिहिलं नाही.

स्टिकर मी आता छापत नाही. कोणी विचारलं तर सांगतो, दोन-चार तास उठणार असाल तर झोपवा, चार दिवस गावाला जाणार असाल तर बंद करा, विजा चमकल्या तर पिन काढा. आणि काम दुसऱ्या कोणाचं असेल तर आधी त्याला विचारा. हे शेवटचं ऐकून लोक माझ्याकडे चमत्कारिक पाहतात. पाहोत.

आता शेवटचं सांगतो. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. माझ्या दुकानातला टेबलफॅन जळला होता, तो घेऊन मी रहमतचाचाकडे गेलो होतो. चाची वर्गाला गेलेली. आतल्या खोलीत तिचा कॉम्प्युटर झोपलेला, दिवा लुकलुकत होता. मुलींसाठी ती नवा नकाशा काढत होती, तो अर्धा उघडा असणार. तीनच्या सुमाराला अंधारून आलं आणि दिग्रसच्या बाजूला वीज कडाडली. दुसरी त्याहून जवळ.

चाचा हातातलं टाकून आत गेला. मी मागोमाग. बोर्डावर बटन नव्हतंच, कागद होता. तो वाकला आणि पिनेकडे त्यानं हात नेला.

“काढा चाचा, लवकर,” मी म्हणालो. “काम आता डिस्कवर हाये, काही जात नाई. मी करून देलं हाये.”

चाचाचा हात पिनेपासून वीतभर अंतरावर थांबला. मग तो सरळ झाला, खिशातून फोन काढला, चष्मा वर करून चाचीचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

फोन एका मुलीनं उचलला. चाचा म्हणाला, “अकीलाले दे. म्हणा घरून हाये. म्हणा, वीज कडाडून राह्यली, पिन काढू काय विचारून राह्यले.”

“मॅडमची गिनती चालू हाये,” मुलगी हलक्या आवाजात म्हणाली आणि तिनं फोन तसाच टेबलावर ठेवला.

पलीकडून मूठ फिरण्याचा आवाज येत होता. आणि चाचीचा. मागच्या खोलीतल्यासारखा ओठांतल्या ओठांत नाही, भरल्या वर्गासमोरचा, खणखणीत. “एकेचाळीस. बेचाळीस. त्रेचाळीस.” मुली मागोमाग म्हणत होत्या.

मी चाचाला खुणेनं म्हटलं, काढून टाका, कशाला थांबता? त्यानं मान हलवली. फोन तळहातावर धरून तो पिनेसमोर उभा राहिला. बाहेर पुन्हा कडाडलं, खिडकीची काच थरथरली. “सत्तावन्न. अठ्ठावन्न.”

तेवढ्यात पाण्याचे थेंब झटकत पंजाबराव दुकानातून सरळ आत आला. “रामराम रहमतभाई! अजी माह्या मोटारीचं...”

चाचानं मागं न वळता हात वर केला.

“चूप,” तो म्हणाला. “गिनती चालू हाये.”